हळदीची सुपारी

पनवेलच्या आपल्या व्हिडिओ शूटिंगच्या दुकानात दीपेशने कॅमेऱ्यातलं गावातल्या एका हळदीचं शूटिंग कॉम्प्युटरवर उतरवलं आणि समोर बसलेल्या शकूमावशीला दाखवलं. गावातली एकही हळद तिने धवले, म्हणजे लग्नातली जुनी पारंपरिक गाणी, गायल्याशिवाय लागत नसे. दीपेशच्या स्वतःच्या हळदीला गाण्याच्या आमंत्रणाची सुपारीही कालच त्याच्या आईने मावशीच्या हातावर ठेवली होती. पडद्यावर तिचे ओठ हलत होते, पण ऐकू काहीच येईना. “माजा आवाज कुठं हाय?” “कॅमेऱ्यात आवाज आम्ही बंदच ठेवतो, मावशी. वर पिक्चरचं गाणं टाकायचं असतं. जुनं कोण ऐकतंय?” मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “चार तास घसा फोडला मी, आन् तू मला मुकी केलंस?” तिने कनवटीची सुपारी काढून कीबोर्डवर आपटली. दीपेशचा चेहरा उतरला. “परत नाय देत,” ती सुपारी उचलत म्हणाली. “येईन तुज्या हलदीला. नुसते व्हट हलवीन. टाक वर पिक्चरचं गाणं!”