तकली

चुलीवरचं आधण पायांवर सांडल्यापासून मनकर्णाची लेक वर्ध्याच्या दवाखान्यात होती. रोज पट्टी बदलताना नर्सबाई तिच्या हाती तकली द्यायची. “तू सूत काढ. धागा तुटला, की माझा हात थांबला,” असं दोघींचं ठरलं होतं. पोर धाग्यात गुंगायची, चिकटलेली पट्टी भिजून सुटायची, आणि उशाशी बसलेल्या आईकडं ती ढुंकूनही पाहायची नाही. ‘कालची बाई मायपेक्षा जवळची झाली हिले,’ मनकर्णा मनात जळायची. आज तिनं तकली गुपचूप ओच्यात दडवली. नर्सबाईनं शोधली, सापडली नाही, मग तशीच पट्टी सोडायला घेतली. “माय वं, माय,” पोर किंचाळली. हीच हाक हवी होती मनकर्णाला, पण ती ऐकवेना. “थांबा बाई, तकली माह्यापाशी हाये.” “मग तुम्हीच द्या तिला,” नर्सबाई म्हणाली. पोरीनं तकली घेतली, फिरवली, आणि आईला पुन्हा विसरून गेली.