पट्टी काढायची नाही

"आता जोडीदाराच्या डोळ्यांवर पट्टी बांधा आणि हाताला धरून त्याला बाहेर एक फेरी मारून आणा," प्रशिक्षक बाई टाळ्या वाजवत म्हणाल्या. "हा विश्वासाचा खेळ आहे. बोलायचं नाही, पट्टी काढायची नाही."

गिरणीवालीच्या हातात निळी पट्टी आली आणि समोर कोण? ट्रकवाला! काय तर म्हणे, चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या. आग लागो त्या चिठ्ठ्यांना. दंगलीच्या रात्री याच्याच ट्रकमध्ये घालून तिच्या नवऱ्याला नेलं होतं, असेच डोळे बांधून. तो परत आला नाही, त्याचं प्रेतही मिळालं नाही. तिने ट्रकवाल्याच्या दारात किती खेटे घातले! दरवेळी त्याचं एकच पालुपद: "अंधार होता वहिनी, मी नुसती गाडी चालवली. कुठे ते आठवत नाही." चौकशीतही त्याने हेच सांगितलं आणि उजळ माथ्याने हिंडायला मोकळा झाला.

ती ताडकन उठली. सासूने तिचं मनगट धरलं.

"बस गं. अनुदान आलं नाही तर जळलेली गिरणी उभी कशी करायची? दोन्ही आळ्यांनी एकत्र प्रशिक्षण घेतलं तरच या बाईंची संस्था देणार आहे ते."

"आणि तुमचा मुलगा?"

सासूने मनगट सोडलं नाही, तिला खाली ओढलं. गिरणीवालीला म्हातारीचा राग आला, मग स्वतःचाही आला.

तिने पट्टी बांधली. गाठ अशी करकचून आवळली की ट्रकवाला कळवळला आणि वर हसला.

"हळू वहिनी, कुठे धडकवू नका हं मला!"

सगळा हॉल हसला. हसतोय मेला! तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

बाकीच्या जोड्या आवारातच अडखळत, खिदळत फिरत होत्या. ती त्याला घेऊन सरळ फाटकाबाहेर पडली. उतार संपला, ओढ्यावरचा लाकडी पूल आला. फळ्या खडखडल्या तसा त्याचा हात ताठ झाला. त्या रात्री ट्रक पुलावरून गेलेला अख्ख्या गावाने ऐकला होता. पुढे कुठे वळला ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं, किंवा कुणी तोंड उघडत नव्हतं.

पुलापलीकडे दोन फाटे होते. तिने त्याला उजवीकडे, वीटभट्टीच्या वाटेला लावलं. तो आरामात चालू लागला, हातही सैल पडला. ती थबकली. म्हणजे इकडे नव्हे. तिने त्याला मागे फिरवलं आणि डावीकडे, बंद पडलेल्या खाणीच्या वाटेला ओढलं.

आता त्याचा तळवा घामेजला. पायाखाली खडी लागली आणि तो जागच्या जागी उभा राहिला.

"वहिनी, इथून पुढे नको."

"का रे? तुला तर आठवत नाही ना?"

त्याचा हात पट्टीकडे गेला. तिने तो हिसडून खाली ओढला. "काढायची नाही. नियम आहे."

"मी नाही मारलं त्याला. शपथ घेऊन सांगतो."

"कुठे?"

तो मटकन खडीवर बसला. "काट्याची खोली आहे ना," तो पुटपुटला, "ट्रक तोलायची... तिच्या मागे."

ती खोली तिच्या समोरच होती. मागे गवत माजलं होतं. सरपण न्यायला ती एवढे दिवस याच वाटेने जात-येत होती, आणि या माणसाने तिला कितीदा तरी जाताना पाहिलं होतं. तिला वाटलं, आत्ताच्या आत्ता धोंडा उचलून याच्या टाळक्यात घालावा.

मागून धावत पावलं आली. प्रशिक्षक बाई धापा टाकत पोचल्या, बरोबर त्यांचा फोटोवाला.

"अगं बाई, इतक्या लांब? आणि पट्टी अजून तशीच! याला म्हणतात विश्वास. हात धरा बघू त्यांचा, एक फोटो घेऊ."

गिरणीवालीने दोन्ही हात मागे घेतले.

"बाई," ती म्हणाली, "तुमच्या अनुदानात फावडी बसतात का?"