सुईविना शिवण

खाली पडलेला खडू उचलायला अधीक्षक साहेब वाकले आणि त्यांची पँट मागून टर्रकन फाटली. सुधारगृहाच्या शिवणवर्गातल्या प्रत्येक मुलीने ते ऐकलं. हसलं कुणी नाही. शिस्त होती.

साहेब ताडकन सरळ झाले. फळ्यावर मुलींनी खडूने धावदोऱ्याच्या रांगाच्या रांगा काढलेल्या होत्या, त्यांनाच पाठ टेकून उभे राहिले.

"बाई, सुईदोरा द्या."

"सुई?" साहेबांनी हत्ती मागितल्यासारखं शिवणबाईंनी विचारलं. "ती तुमच्या कपाटात. या मुलींच्या हातात सुई म्हणजे हत्यार, शिवण फळ्यावरच शिकवा, असं तुम्हीच ठरवलंत की."

"मग जा, घेऊन या."

"तुमच्या खोलीत समिती चहा पितेय. त्यांच्या नाकासमोरून हत्यारं आणू?"

'सुईविना शिवण' हा अभ्यासक्रम समिती आज बघणार होती. पटला तर सगळ्या सुधारगृहांना लावणार होती. वर्षभर बाई कानीकपाळी ओरडत होत्या, उद्या इथून सुटल्यावर या पोरी पोटाला काय खाणार, खडू? साहेबांनी दर वेळी हसण्यावारी नेलं होतं. आज बाईंना मुळीच घाई नव्हती.

"अहो, काहीतरी करा."

"करते ना. मुलींनो, उसवलेलं कसं शिवायचं, साहेबांना सांगा."

"सुईत दोरा ओवावा," वर्गाने सूर लावला. "शेवटी गाठ मारावी. कापडाच्या उलट्या बाजूने..."

"पुरे."

"मध्येच तोडू नका हो. मग पहिल्यापासून म्हणतात."

तेवढ्यात समिती दारात आली. पुढे अध्यक्षबाई.

"वा, तोंडपाठ! पण मुलींच्या हातचं काम कुठंय?"

शिवणबाईंनी पहिल्या बाकावरच्या, सगळे जिला टकळी म्हणत त्या बडबड्या मुलीकडे हळूच डस्टर सरकवलं.

"साहेब, सरकता का?" टकळी गोड आवाजात म्हणाली. "फळा पुसायचाय."

चार लोकांत नाही कसं म्हणणार? साहेब पाठ भिंतीकडेच ठेवून सरकत गेले. भिंत दारापाशी संपली. दारात समिती होती, आणि आता साहेबांची पाठ तिच्यासमोर.

फळ्यावरचे टाके साहेबांच्या काळ्या पँटवर उठले होते. फाटलेल्या जागेच्या दोन्ही काठांना, पांढरेशुभ्र, सरळ रांगेत.

अध्यक्षबाईंनी चष्मा नीट केला आणि वाकून पाहिलं.

"टाके सुरेख पडलेत," त्या म्हणाल्या. "पण धरत का नाहीयेत?"