पहारेकरी खोटं बोलत नाही

"त्या संवादाच्या फुग्यात मी ‘हो’ लिहिणार नाही," असं म्हणून चित्रकाराने कुंचला पाण्यात टाकला.

निळ्या पहारेकऱ्याच्या चित्रकथा वीस वर्षं ताई लिहायची आणि हा धाकटा भाऊ तिच्याच घरी बसून चित्रं काढायचा. भांडणं व्हायची, पण ती पहारेकऱ्याच्या टोपीवरून, नाहीतर मिशीवरून. आज ताई त्याच्या मुळावरच उठली होती.

पहारेकरी उडतो, भिंती फोडतो, पण खोटं बोलत नाही. शत्रूने लपायची जागा विचारली तरी हा बाबा खरं सांगून मोकळा! त्यापायी त्याने कितीदा मार खाल्ला. वाचक जीव टाकायचे ते त्यासाठीच.

नव्या गोष्टीत एका पोरीच्या हलगर्जीपणामुळे होडी उलटते आणि नावाडी जायबंदी होतो. पोलीस पहारेकऱ्याला विचारतात, ‘ही त्या वेळी तुमच्याबरोबर होती का?’ ताईला तिथे ‘हो’ हवं होतं.

"एकदाच रे," ती म्हणाली. "पोर वाईट नाही. घाबरली, पळाली. आयुष्य नासेल तिचं."

"आणि त्या नावाड्याचं?"

"तो वाचेल म्हणतात."

"म्हणतात काय? तू लिहिशील तसं होईल की!" भाऊ हसला.

ताई हसली नाही. "तिच्या बापाचा तरी विचार कर."

"केला. मी बाप असतो तर हाताला धरून चौकीवर नेलं असतं. अगं, पहारेकऱ्याच्या गोष्टी वाचत माझी लेक मोठी झाली. आजवर कधी थाप मारली नाही तिने."

लेक परवापासून आत्याकडेच होती. बरं नाही म्हणून आतल्या खोलीत निजली होती. सकाळी त्याने कपाळाला हात लावून पाहिला, तर ताप काही नव्हता.

"हा एकदा खोटं बोलला की वीस वर्षांची मेहनत पाण्यात गेली," तो म्हणाला. "मग दुसरा चित्रकार बघ." ताईबरोबरचं हे काम सुटलं तर आपण करायचं काय, हे त्याला कळत नव्हतं. तरी तो मागे हटला नाही.

ताईने आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"नक्की? नंतर मला बोल लावायचा नाहीस."

"शब्द देतो."

"मग लिही ‘नाही’."

त्याचा जीव भांड्यात पडला. जीभ दातांत धरून तो एकेक अक्षर रेखू लागला. ताई फोनपाशी गेली. प्रकाशकाला कळवत असेल, असं समजून त्याने मान वर केली नाही.

"इन्स्पेक्टरसाहेब," ती म्हणाली, "परवा मी तुम्हाला खोटं सांगितलं. अपघात झाला तेव्हा माझी भाची माझ्याकडे नव्हती."