नमुना धडा

चर्चच्या तळघरात परदेशातून आलेल्या लोकांसाठी इंग्रजीचा वर्ग सुरू होणार होता, आणि शिकवणाऱ्या स्वयंसेवकांना तयार करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. भाषा येत नसली की माणसाची काय गत होते, ते त्यांनाही कळावं म्हणून मी नमुना धडा मुद्दाम त्यांना न येणाऱ्या मराठीत घेतला. हातवारे करत "या, बसा, पाणी घ्या" शिकवलं आणि शेवटी सगळ्यांकडून "मराठी सोपी आहे" असं वदवून घेतलं. त्यांच्यातल्या, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या आजींनी तर सगळं घडाघडा पाठ केलं.

महिन्याभराने वर्ग कसा चाललाय ते बघायला गेले. दुसऱ्याच दिवशी नोकरीच्या मुलाखतीला जाणारा एक आडदांड सुतार माझ्यासाठी खुर्ची सरकवत म्हणाला, "या, बसा, पाणी घ्या!"

मी वळून शिकवणाऱ्या आजींकडे बघितलं.

"तुम्ही दाखवलंत अगदी तस्संच शिकवतोय हं," आजी कौतुकाने इंग्रजीत म्हणाल्या. "फक्त शेवटच्या वाक्यातला एक शब्द बदलला. तोही मोबाइलवर शोधून!"

त्यांनी हात उंचावला आणि अख्खा वर्ग एका सुरात ओरडला,


"इंग्रजी सोपी आहे!"