सहा आठवड्यांचं पाणी

शोभेच्या माशांच्या दुकानदाराने टाकीतल्या पाण्यात तपासणीचे थेंब टाकून काचेची नळी खिडकीकडे धरली. पिवळं राहायला हवं होतं ते पाणी हिरवं झालं. मग गडद हिरवं. जितकं हिरवं, तितकी पाण्यात घाण.

"फिल्टर धुतलात का, काका?"

"धुतला म्हणजे, उकळलाच." पलंगावर पडलेल्या बाईच्या नवऱ्याच्या आवाजात थोडा अभिमानही होता. "स्पंज, त्या चिनीमातीच्या कड्या, आतले दगडसुद्धा. नर्सबाई म्हणाल्या, पेशंटच्या खोलीत जंतू नकोत."

दुकानदार टाकीकडे वळला. चाळीस लिटर खाऱ्या पाण्यात दोन नारिंगी मासे वर येऊन धापा टाकत होते. टाकी पलंगाच्या पायथ्याशी होती. बायकोला आता मान वळवता येत नव्हती. समोर असेल तेवढंच दिसायचं.

"त्या कड्यांत जंतूच असतात, काका. माशांची घाण तेच संपवतात. फिल्टर म्हणजे ते. बाकी नुसता पंप."

"मग नवा आणू. मोठा."

"नवाही रिकामाच असतो."

"तुमच्या दुकानातला वापरलेला स्पंज द्या."

"माझ्या टाक्यांत सध्या तांब्याचं औषध घातलंय. ते इथे आलं की उरलेसुरले जंतूही मरतील."

"पाणी बदलतो."

"सकाळी निम्मं बदललंत ना?" दुकानदाराने नळी त्याच्यापुढे धरली. "हे त्यानंतरचं आहे."

नवऱ्याने नळी हातात घेतली आणि परत दिली.

"जंतू पुन्हा जमायला किती दिवस?"

"सहा आठवडे धरा. तोवर मासे मी नेतो. इथे उद्याची सकाळ बघायचे नाहीत."

पलंगावरून हसल्यासारखा आवाज आला. "सहा? मला डॉक्टरांनी तीनच दिलेत."

"असं काही म्हणाले नाहीत ते."

"दाराबाहेर म्हणाले. दार तुम्हीच बसवलंय, सगळं ऐकू येतं."

नवऱ्याने पेन घेतलं. वेगळा कागद सापडेना, म्हणून दुकानदार सांगत गेला तसं त्याने औषधांच्या तक्त्यातच, ओळींच्या मधे लिहिलं:

आठ – दुखण्याचे थेंब, दहा
सव्वाआठ – रिकाम्या टाकीत चिमूटभर खाऊ. सडू द्यायचा, त्यावर जंतू वाढतात
नऊ – कूस बदलणे
दुपारी – आटलं तेवढं साधं पाणी, मीठ नाही
चार – थेंब, दहा. मागायची वाट बघायची नाही
फिल्टर एक मिनिटही बंद नाही
काहीही धुवायचं नाही

शेवटच्या ओळीखाली त्याने दोनदा रेघ मारली. कागद फाटला.

"अहो," बायको म्हणाली, "जंतूंना तरी वेळेवर वाढाल ना?"

"वाढेन."

दुकानदाराने जाळी पाण्यात घातली. मासे पहिल्याच फेरीत आले. "एरवी अर्धा तास पळवतात हे," तो म्हणाला, आणि बोललो ते बरं झालं नाही असं वाटून पिशवीला रबर लावत बसला.

टाकीत पंप तेवढा गुरगुरत होता. बायको तिकडेच बघत होती. बघायला दुसरं काही नव्हतं.

"नाव घालतो पिशवीवर, मग टाकीवरही," दुकानदार म्हणाला. "नाहीतर दुकानात कोणीतरी विकून टाकेल. सहा आठवड्यांनी घेऊन जा. काकूंच्याच नावाने ना?"

नवऱ्याने तोंड उघडलं.

"यांच्या नावाने घाल," बायको म्हणाली.

दुकानदार पेन धरून थांबला. नवऱ्याने स्वतःचं नाव सांगितलं. ते नीट ऐकू आलं नाही, म्हणून त्याला परत सांगावं लागलं.