सभासदाला परवानगी नाही

राहात्याजवळच्या एका दूध संस्थेसाठी मोनिकानं पायथॉनमध्ये वेब ॲप लिहिलं. ठराव फक्त अध्यक्षांनाच मंजूर करता यावा, म्हणून तिनं छत्तीस टेस्ट लिहिल्या. खोटेखोटे सभासद उभे करून त्यांना मंजुरीचं बटण दाबायला लावलं. ॲपनं एकेकाला दारातूनच परत धाडलं, तेव्हा कुठं तिच्या जिवात जीव आला.

ॲप सुरू झालं त्याच सकाळी सहादेवरावांचा फोन आला. अध्यक्ष त्यांच्या बायको, बनुबाई. पण आजवर कारभार हाकला तो सहादेवरावांनीच.

"म्याडम, ॲप बिघडलंय तुमचं. माझ्या ठरावाचं बटन दाबलं की 'तुम्हाला परवानगी नाही' म्हनतंय. मला!"

"काका, तुम्ही सभासदांच्या गटात आहात," मोनिका चाचरत म्हणाली. "मंजुरी काकूंच्याच लॉगिनवरून होते. दर ठरावाचा ओटीपीही त्यांच्याच मोबाईलवर येतो."

फोन कट झाला. हे काम हातचं गेलं, असंच तिनं धरलं.

दहा मिनिटांनी बनुबाईंचा फोन आला. आवाज अगदी हळू.

"पोरी, ॲपला हात लावू नगंस. बाकीचे ठराव केले मी मंजूर. ह्यांचा तेवढा ऱ्हायलाय. त्याचा ओटीपी वाचायला चष्मा सापडंना!"